दहा इंचांवरचा घाट

ऑनसाइटला आलेल्या माणसाचे वीकेंड ठरलेले असतात. पहिला लंडनचा, दुसरा स्कॉटलंडचा, तिसऱ्याला पॅरिसचा व्हिसा मिळतो का याची चौकशी. चौथ्यापासून मात्र धुणं, भांडी आणि पुण्याला व्हिडिओ कॉल! माझंही अगदी तसंच चाललं होतं. फरक एवढाच, की बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला मी ज्या घरात खोली घेतली होती, त्या घराच्या गॅरेजात १९६७ सालची एक मिनी कूपर एस उभी होती.

मिनी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर मॉलच्या पार्किंगमधली ती गुबगुबीत, महागडी गाडी आली असेल, तर ती विसरा. ही जुनी मिनी. लांबी जेमतेम दहा फूट. आपली मारुती ८०० सुद्धा हिच्याशेजारी थोराड वाटेल. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आलं ते तिच्या चाकांचं. ही चाकं मी ओळखत होते. आमच्या चेतकची!

खोटं नाही. बाबांच्या बजाज चेतकच्या टायरवर ‘३.५०-१०’ असं लिहिलेलं असायचं. त्यातला १० म्हणजे रिमचा व्यास, इंचांमध्ये. मिनीच्या टायरवरही शेवटी १० च होतं. फक्त इथं त्या दहा इंचांच्या वर एक कार होती. आणि साधीसुधी नाही, चांगली शंभर अश्वशक्तीची.

काकांचं गॅरेज

आमचे घरमालक सत्तरीचे. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणायचे. उभी नोकरी त्यांनी घरापासून दोन मैलांवरच्या लाँगब्रिज कारखान्यात केली. १९५९ साली मिनी बाजारात आली आणि ४ ऑक्टोबर २००० ला शेवटची मिनी याच लाँगब्रिजमधून बाहेर पडली. तोवर ५३ लाखांहून जास्त मिनी बनल्या होत्या. २००५ मध्ये इथला मोठा कारखाना बंद पडला. आता त्या जागेवर बरीच घरं, कॉलेज आणि दुकानं आहेत. काका तिथं भाजी घ्यायला जातात आणि ‘हे बटाटे ठेवलेत ना, इथं आमचा पेंट शॉप होता’ असं दरवेळी सांगतात. खरं असेल-नसेल, पण ऐकायला छान वाटतं.

चाकं इतकी लहान का, हेही त्यांनीच सांगितलं. १९५६ च्या सुएझ प्रकरणानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलचे वांधे झाले. कमी पेट्रोल पिणारी छोटी गाडी हवी होती. अलेक इसिगोनिस या डिझायनरनं ठरवलं, की दहा फुटांतली ऐंशी टक्के जागा माणसांना आणि सामानाला द्यायची. म्हणून इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटाखाली सारला. पण चाक मोठं असेल तर त्याची कमान थेट प्रवाशाच्या मांडीपर्यंत येते. मग चाकच छोटं केलं. डनलॉपनं त्यासाठी खास दहा इंची टायर बनवले.

त्या पहिल्या मिनीचं इंजिन होतं ८४८ सीसीचं आणि ताकद ३४ अश्वशक्ती. तेवढ्याला ती चाकं पुरेशी होती. पुढे रेसिंगवाल्या जॉन कूपरची नजर या गाडीवर पडली. आधी कूपर, मग कूपर एस. १२७५ सीसीची एस कारखान्यातून निघायची तेव्हाच ७६ अश्वशक्तीची असायची. १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीनदा कूपर एसनं माँटे कार्लो रॅली मारली. काकांनी हौसेनं आपल्या गाडीचं इंजिन आणखी फुलवलेलं. म्हणजे ताकद मूळच्या तिप्पट आणि चाक तेवढंच, दहा इंच! सगळा लोचा इथंच आहे.

गोल चौकातली ती संध्याकाळ

मे महिना, २०२४. संध्याकाळी भुरभुर पाऊस. काका मला ऑफिसातून आणायला मिनी घेऊन आले. वाटेत एक गोल चौक लागतो. वेग फार नव्हता. काकांनी स्टिअरिंग वळवलं... आणि गाडी वळलीच नाही. नाक सरळ धरून ती घसरत गेली आणि डाव्या चाकानं फुटपाथच्या कडेला टेकून थांबली. कोणाला काही झालं नाही. रिमवर एक चरा, बस्स.

‘टायर तर नवेकोरे आहेत,’ काका पुटपुटले. दिसायला होतेच तसे. खाचा खोल, कडा शाबूत.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण माझ्या हनुवटीवर एक व्रण आहे. जून १९९८, म्हात्रे पूल. पुण्यातला पहिला पाऊस, चेतकवर पुढे उभी असलेली सहा वर्षांची मी आणि मागे हँडल धरलेले बाबा. स्कूटर कशी घसरली ते आठवत नाही. टाके आठवतात. ‘रस्त्यावर ऑइल सांडलं होतं’ हे आमच्या घरातलं त्यावरचं शेवटचं वाक्य. पुढे कधी विषय निघाला नाही. पण त्यानंतर बाबांनी मला पावसात स्कूटरवर कधीच बसवलं नाही. शाळेत रिक्षा लावली.

आणि आता हेच बाबा तीन आठवड्यांसाठी माझ्याकडे येणार होते. काकांनी तर कधीच जाहीर केलं होतं : तुझ्या वडिलांना मी मिनीतून वेल्सचा घाट दाखवणार!

सकाळी चहाच्या वेळी मी स्पष्ट सांगितलं. ‘या टायरवर माझे बाबा बसणार नाहीत.’ काकांना राग आला असावा. इंग्रज माणूस रागावला की फक्त कप जरा जोरात ठेवतो. कप जोरात ठेवला गेला. पण शनिवारी आम्ही टायरच्या दुकानात होतो.

२३१२

दुकान छोटं, जुन्या गाड्यांचंच. दुकानदारानं खाचांकडे पाहिलंसुद्धा नाही. गुडघ्यावर बसून टायरच्या कुशीवरचा एक लांबट शिक्का शोधला आणि त्यातले शेवटचे चार आकडे वाचले : २३१२.

२००० सालापासूनच्या टायरवर हे चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. म्हणजे हे टायर २०१२ सालच्या तेविसाव्या आठवड्यातले. बारा वर्षांचे! गाडी वर्षाकाठी थोडीच चालते, त्यामुळे खाचा झिजल्या नव्हत्या. पण रबर न चालताही म्हातारं होतं. हवेनं, उन्हानं कडक होत जातं. दुकानदारानं जुन्या टायरमध्ये नख रुतवायला सांगितलं. रुतेना. शेजारच्या नव्यात लगेच रुतलं. काका काही बोलले नाहीत. स्वतःच्या हातानं त्यांनी दोनदा करून पाहिलं.

(हे वाचताय ना? आज संध्याकाळी पार्किंगमध्ये जाऊन आपल्या गाडीचे चार आकडे बघाच. स्टेपनीचेसुद्धा!)

चाक बदलायचं की टायर?

पुढचा प्रश्न मोठा होता. दहा इंची टायरमध्ये निवड फारच थोडी. बारा किंवा तेरा इंची चाकं बसवली, तर निवड वाढते. नंतरच्या मिनींना कारखान्यानंच तशी चाकं दिली. मग तसंच का करू नये?

दुकानदारानं कागदावर हिशोब मांडला. मला आवडला, म्हणून इथं देते. मूळ १४५ आर १० टायरची उंची ४८६ मिलिमीटर. रुंद १६५/७० आर १० ची ४८५. म्हणजे रुंदी वीस मिलिमीटरनं वाढली, उंची तीच. स्पीडोमीटर खोटं बोलत नाही, गिअरचं गणित बिघडत नाही. बारा इंची चाकावर १६५/६० चढवला तर उंची ५०३, म्हणजे साडेतीन-चार टक्के जास्त. तेवढा गाडीचा उठाव कमी होतो. तेरा इंचीला टायरची भिंत आणखी बुटकी होते आणि खड्डा थेट कमरेत जाणवतो. मिनीचं सस्पेन्शन मुळातच टणक. टायरची ती जाड भिंत हाच तिचा अर्धा स्प्रिंग.

‘आणि दिसतं कसं ते?’ काका इतकंच म्हणाले. तेरा इंची चाकांवरची मिनी त्यांना मोठ्या भावाचे बूट घातलेल्या पोरासारखी वाटते. विषय संपला. चाकं दहाच.

मी मात्र एक बाळबोध प्रश्न विचारला. रुंद टायर म्हणजे जास्त रबर रस्त्यावर, म्हणजे जास्त पकड, बरोबर ना? तर तसं नसतं. टायर जमिनीला किती टेकतो, हे मुख्यतः गाडीचं वजन आणि आतली हवा ठरवते. मिनी जेमतेम सातशे किलोची. तिघं बसलो तर नऊशे धरा. हवा २८ ठेवली, तर ढोबळ हिशोबानं एका चाकाच्या वाट्याला सव्वाशे चौरस सेंटिमीटरही येत नाहीत. म्हणजे आपला तळहात! रुंद टायरनं हा तळहात फार मोठा होत नाही, त्याचा आकार बदलतो. लांबट होता तो आडवा होतो आणि वळणावर त्याचा उपयोग होतो. पकड वाढवण्याचं खरं काम करतं ते रबर. किती मऊ, किती ताजं.

त्यातून मिनीचं इंजिन पुढे, गाडी ओढणारी चाकं पुढची, वळणारीही तीच आणि ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच. शंभर अश्वशक्ती, घाटाची वळणं आणि म्हातारे बाबा, सगळं मिळून पुढच्या दोन तळहातांवर!

तीन टायर, एक रस्ता

समोर तीन पर्याय ठेवले गेले.

पहिला, मूळ मापाचा साधा १४५. स्वस्त, टिकाऊ. अरुंद असल्यामुळे साचलेलं पाणी कापत जातो, स्टिअरिंगही हलकं. पण एवढ्या ताकदीला तोकडा. पहिल्या गिअरमध्ये जरा पाय दाबला की चाक जागच्या जागी फिरणार.

दुसरा, योकोहामाचा ए-०३२-आर, १६५/७० आर १०. रॅली आणि ट्रॅकवाल्यांचा लाडका. रस्त्यावर चालवायला परवानगी असलेला, पण रक्तानं रेसिंगचा. रबर मऊ, खाचा मोजक्या. काकांचे डोळे चमकले. हात त्यावरच गेला.

तिसरा, त्याच कंपनीचा ए-००८, माप तेच. जुन्या मिनीवाल्यांच्या पिढ्या यावर वाढल्या. रस्त्यासाठी बनवलेला.

दुकानदारानं काकांना एकच विचारलं. ‘गाडी जाते कुठे?’

काका म्हणाले, रविवारी भाजी आणायला. उन्हाळ्यात वेल्सला.

‘मग वेल्सला पाऊस किती दिवस असतो?’

तिघंही हसलो. रेसिंगच्या टायरला काम करायला उष्णता लागते. ट्रॅकवर चार फेऱ्या मारल्या की तो तापतो आणि डिंकासारखा चिकटतो. भाजी आणायला निघालेल्या गाडीत तो तापणार कधी? शिवाय मऊ रबर भराभर झिजतं. दहा इंची चाक तर किलोमीटरला साडेसहाशेच्या वर फेरे मारतं. साध्या १६ इंची २०५/५५ टायरला त्याच अंतराला पाचशेच पुरतात. आणि मोजक्या खाचा अर्ध्या झिजल्या, की साचलेलं पाणी जाणार कुठून?

टायर इंजिनाकडे बघून नाही, रस्त्याकडे बघून घ्यायचा. त्या शनिवारी मी शिकले ते हेच.

तरी काका पंधरा मिनिटं दोन्ही टायरमध्ये येरझाऱ्या घालत होते. तरुणपणी पाहिलेल्या रॅलीच्या गाड्या त्यांच्या डोक्यातून जात नव्हत्या. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, ‘तुझे वडील कुठल्या बाजूला बसणार?’

‘पुढे. तुमच्या शेजारी.’

त्यांनी ए-००८ घेतले. चार आणि स्टेपनीचा पाचवा.

रिमची रुंदी साडेचार इंच होती, १६५ साठी ती चालते. रिम गंजलं नाही ना, टायर पूर्ण वळणावर कमानीला घासत नाही ना, ते पाहिलं. चाकांची अलाइनमेंट केली. निघताना दुकानदारानं बजावलं : नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला गुळगुळीत असतो, पहिले दीडशे किलोमीटर सांभाळून. काकांनी पुढचे दोन रविवार एवढी भाजी आणली, की फ्रिजचं दार लागेना.

थंड ओढ्याची खिंड

जूनच्या शेवटी बाबा आले. मिनी पाहून ते प्रथम खाली वाकले. चाकाला हात लावून म्हणाले, ‘अगं, हे तर चेतकचं!’

शनिवारी सकाळी निघालो. आधी एम ५, एम ६, मग एम ५४. मोटरवेवर ट्रकची चाकं आमच्या खिडकीच्या वर दिसतात. बाबांनी सीटची कड घट्ट धरलेली. पुढे ए ५ लागला आणि जीव भांड्यात पडला. चर्क आलं की वेल्स. रस्त्यावर ‘स्लो’ सोबत ‘आराफ’ असंही रंगवलेलं दिसू लागतं. वेल्शमध्ये ‘हळू’. बाबांना हा शब्द इतका आवडला, की दिवसभर ते काकांना ‘आराफ, आराफ’ करत होते.

लँगॉलेनच्या अलीकडे थांबून पाँटकसिल्टे बघाच. १८०५ साली टॉमस टेलफर्डनं डी नदीवर ३८ मीटर उंचीवरून चक्क कालवा नेला. लोखंडी पन्हळीतून बोटी जातात आणि खाली दरी! २००९ पासून हा जागतिक वारसा आहे. लँगॉलेन म्हणजे दगडी पूल, खळाळती नदी, वाफेच्या इंजिनाची रेल्वे आणि खिडकीत बसून खायला स्कोन. तिथून ए ५४२ धरायचा. व्हॅले क्रुसिस मठाचे अवशेष मागे पडतात आणि घाट सुरू होतो.

हॉर्सशू पास. नावाप्रमाणे घोड्याच्या नालेसारखा दरीला वळसा घालत चढणारा रस्ता, १८११ पासूनचा. माथा ४१७ मीटरवर. वेल्श नावाचा अर्थ थंड ओढ्याची खिंड. आपल्या ताम्हिणीसारखी दाट झाडी इथं नाही. उघडे हिरवे डोंगर, स्लेटच्या खाणींचे करडे ढीग आणि मेंढ्या. रस्त्याच्या कडेला, रस्त्यावर, सगळीकडे मेंढ्या.

चढताना ऊन होतं. मिनी जणू याच रस्त्यासाठी जन्मली होती. काका दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वळणं घेत होते आणि गाडी दोरा ओवावा तशी जात होती. बाबांनी सीटची कड कधी सोडली ते त्यांनाही कळलं नसावं.

माथ्यावरच्या कॅफेत चहा घेईतो पाऊस आला. आडवा, धुक्यासकट. खाली उतरताना बोलणं बंद झालं. वायपर, इंजिन, एवढाच आवाज. तिसऱ्या की चौथ्या वळणानंतर धुक्यातून एक मेंढी रस्त्याच्या मधोमध. मागे तिचं कोकरू.

काकांनी ब्रेक दाबला. मी डोळे मिटले. म्हात्रे पूल!

गाडी थांबली होती. सरळ. नाक खाली झुकवून, मेंढीपासून दोन हातांवर. मेंढीनं आमच्याकडे पाहिलं, रवंथ केलं आणि सावकाश बाजूला झाली.

थोडं खाली जागा मिळाली तिथं काकांनी गाडी कडेला घेतली आणि ते पाय मोकळे करायला उतरले. बाबाही उतरले. पावसात वाकून त्यांनी पुढच्या टायरवर तळहात ठेवला.

‘कोमट आहे,’ ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, ‘तेव्हा ऑइल नव्हतं गं रस्त्यावर.’

मी गप्प राहिले.

‘टायर गुळगुळीत झालं होतं. मेकॅनिकनं सांगितलं होतं, साहेब, पावसाच्या आधी बदला. मी म्हटलं, हा एक पावसाळा निघेल. पैसे नव्हते असं नाही. होते.’

सव्वीस वर्षं त्यांनी हे कसं धरून ठेवलं असेल! काय बोलावं कळेना. मग मीही वाकले आणि त्यांच्या हाताशेजारी माझा हात ठेवला. तळहाताएवढंच तर रबर होतं.

‘बाबा, यावर तारीख असते. चार आकडे. तुमच्या गाडीचे बघितलेत का कधी?’

‘नाही.’

‘घरी गेल्यावर पहिलं ते बघायचं आणि मला फोटो पाठवायचा.’

‘पाठवतो,’ बाबा म्हणाले. काका छत्री घेऊन आले. त्यांना मराठी कळत नाही. तरी त्यांनी छत्री बाबांच्या डोक्यावर धरली आणि स्वतः भिजत उभे राहिले.

‘आराफ,’ गाडीत बसताना बाबा त्यांना म्हणाले. काकांनी मान डोलावली. खालच्या मठापर्यंत आम्ही खरंच हळू गेलो.

जायचं असेल तर...

* बर्मिंगहॅमहून लँगॉलेन साधारण सव्वाशे किलोमीटर. एम ५४ आणि ए ५ ने दोन तास धरा. भाड्याची साधी गाडीही पुरते.
* मे ते सप्टेंबर उत्तम. हिवाळ्यात बर्फामुळे हॉर्सशू पास अनेकदा बंद असतो.
* सप्टेंबर २०२३ पासून वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी २० मैल झाली. काही रस्त्यांना यातून सूट आहे, म्हणून पाट्या वाचत जा.
* मेंढीला हॉर्न कळत नाही. ब्रेक कळतो.
* आणि निघण्याआधी टायरवरचे ते चार आकडे!